सातशे बावीस

धनश्री : ...म्हणून मी रजिस्टर काढून बसले, काका. तुम्हीही बसा. पाच वर्षांत आपण या ग्रॅफाइटच्या कांड्या चाळीस वेळा जाळल्या. जमलं फक्त नऊ वेळा, तेही गेल्या दीड वर्षात. आणि त्या नऊही वेळी कांडी तुम्ही भरली होती.

नत्थू : अठ्ठावीस वर्षं झाली या लॅबमध्ये, म्याडम. कांडीले भोक पाडतो, भुकटी ठासतो. त्यात काय नवल?

धनश्री : तुमच्या हाताखालच्या चंदननं भरली तेव्हाही भुकटी तीच होती, नायट्रोजन वायू तोच होता. त्याच्या काजळीत नुसते साधे पिंजरे. कार्बनचे साठ अणू, वजन सातशे वीस. तुमच्या काजळीत एक कार्बन जातो आणि त्याच्या जागी नायट्रोजन येऊन बसतो. सातशे बावीस. असं का?

नत्थू : चंदन मोबाईल पाहत पाहत भरते. त्याले काय जमते?

धनश्री : चंदनचं राहू द्या. त्या नऊही वेळी इथं केस जळल्यासारखा वास आला होता. मी वायरीचा समजून गप्प बसले. आता सोमवारी परीक्षक येतायत, त्यांच्यासमोर करून दाखवायचंय. नायट्रोजन वायूतून येतो, असं मी प्रबंधात लिहिलंय. ते खोटं निघालं तर माझी पाच वर्षं पाण्यात. मला भीती वाटतेय, काका. काय भरता तुम्ही त्यात?

नत्थू : ...मेघाची वेणी.

धनश्री : तुमच्या मेघाची?

नत्थू : हाव. दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी डोकं भादरलं तिचं. सिस्टरनं वेणी प्लास्टिकच्या पन्नीत घालून हाती दिली. पोरगी स्मशानघाटावर गेली, वेणी घरी राहिली. तिची आई कोनाले हात लावू देत नव्हती. म्या थोडी थोडी चोरून आनली, इथल्याच भट्टीत कोळसा केला अन् भुकटीत मिळवली.

धनश्री : केसांत नायट्रोजन असतोच. पण असं का केलंत?

नत्थू : तुम्हीच तं सांगतलं होतं. पोरगी गेल्यावर पहिल्यांदा कामावर आलो, तवा इथंच डबा खाता खाता. तुम्ही म्हटलं, पिंजऱ्यात बसलेला अणू कुठं जात नाही काका, आपण गेलो तरी तो तिथंच राहतो.

धनश्री : मी सहज बोलले होते. तुम्ही जेवत नव्हतात, काहीतरी बोलायचं म्हणून.

नत्थू : मले सहज नाही वाटलं. घरी जाऊन कौसल्येले सांगतलं, रडू नको वं, आपली पोरगी बाटलीत सुखरूप आहे. वेणीचंही सांगून टाकलं. रागावली नाही. तवापासून दोन घास खाऊन राहिली. पर रोज विचारते, एकलीच आहे का ती तिथं?

धनश्री : काका, आज सकाळची कांडी मी भरलीय. कोऱ्या पाकिटातली भुकटी. चेंबर तीनदा घासला, काच नवी टाकली. नायट्रोजनही सोडला नाही, नुसता हेलियम. काही यायलाच नको होतं.

नत्थू : मंग?

धनश्री : वास आला. आणि हा आलेख बघा. सातशे बावीस आहे.

नत्थू : वेणी तं मागच्या महिन्यातच सरली, म्याडम.

धनश्री : आता इथं, पुढे बघा. चौदाशे चव्वेचाळीस. हे आजवर एकदाही आलं नव्हतं. असा पिंजरा एकटा राहू पाहत नाही, दुसरा भेटला की त्याला जाऊन चिकटतो. हे दोन आहेत, काका. जोडी आहे.

नत्थू : दुसरं कोन?

धनश्री : तेच मी तुम्हाला विचारतेय. आज तुम्ही काही टाकलं का? खरं सांगा.

नत्थू : वाडीहून बसच भेटली नाही, मी आलोच साडेअकराले. (डब्याच्या पिशवीतून एक पन्नी काढतो.) टाकणार होतो, पर सोमवारी. हे पाहा, गाठ तरी सुटली का?

धनश्री : हे तर पांढरे केस आहेत.

नत्थू : कौसल्येचे. आज सकाळी स्वतःच कात्रीनं कापून दिले. म्हणे, घेऊन जा, पोरीले सोबत होईन.

धनश्री : तुम्ही घरून कधी निघालात?

नत्थू : दहाले. तुम्ही कांडी कवा पेटवली?

धनश्री : साडेदहाला. घरी दुसरं कोणी आहे?

नत्थू : कोनीच नाही. मी निघालो तं लेटली होती. म्हणे, आज लय दिवसांनी बरं वाटून राहिलं.

धनश्री : प्रबंधाचं मरू द्या. तुम्ही आधी घरी फोन लावा.

नत्थू : लावला, म्याडम. नुसती घंटी जाऊन राहिली.