पोरगा यादीवर बोलते

…अन वरून मलेच म्हणते, उत्तर खाली लिहा! आता तुमीच सांगा जी, कोणी काही इचारलं त माणूस उत्तर कुठी देते? तोंडासमोर देते. चौथी शिकली मी, बपेऱ्याच्या शाळेत. गुरुजीनं पट्टी मारली त उत्तर चुकलं म्हणून मारली, वर लिवलं का खाली लिवलं म्हणून नाही मारली. अन हा सांगलीचा रिटायर मास्तर, ज्याचं तोंड म्या पाह्यलं नाही, ज्यानं माहं पाह्यलं नाही, तो मले कम्प्युटरातून सांगते, 'ताई, आधीचा मजकूर वर राहू द्या, त्यातला नको तो छाटा, आणि उत्तर खाली लिहा.' छाटा म्हणते! जसं काही म्या ब्लाउजच कापून राहिली…

थांबा, पह्यलेपासून सांगतो, नाहीतर तुमी म्हणान वच्छला सटकली.

तुमसरात डिंपलचं ब्लाउजचं दुकान हाये, तिथं मी शिवतो. मालकीण ती, पण वयानं माह्या पोरीयेवढी, म्हणून मले मावशी म्हणते, अन मावशी म्हटल्यामुळं दुकानातला चहाही मलेच करा लागते. त ह्या डिंपलनं नागपुरातून एक जुनी भरतकामाची मशीन आणली, कम्प्युटरवर चालणारी. तिच्यासंगं कम्प्युटरही जुना. एवढा जुना का सुरू केला का बाजूच्या राइस मिलवाला बाहेर येऊन पाहे, कोणाची मिल लागली म्हणून. आता ह्या मशीनले चित्र देल्लं त ती घेत नाही, तिले त्याचे टाके करून द्या लागते, अन टाके करून देणारा प्रोग्राम भल्ला महाग. मंग डिंपलले कोणीतरी सांगतलं का 'कशिदा' म्हणून एक प्रोग्राम हाये, लोकायनं मिळून बनवलेला, फुकट. फुकट म्हटलं का मी तवाच समजली, यात आपली हाडं झिजणार हायेत.

अन तसंच झालं. तयार प्रोग्राम त्या म्हाताऱ्या कम्प्युटरवर चालेच ना. डिंपल म्हणे, मावशी, आपल्याच हातानं बनवा लागते. म्हटलं म्हणजे? तवा समजलं. तयार प्रोग्राम म्हणजे तांदूळ. तुमच्या मशीनले तो तांदूळ पचत नसन, त हे लोक तुमाले धानच देऊन टाकते, म्हणते न्या, तुमच्या घरी भरडा, तुमच्या चुलीले जसा पाह्यजे तसा काढा. मोठ्या मनाचे लोक हायेत, नाही म्हणत नाही मी. पण भरडता भरडता अर्ध्यातच मिल बंद पडते, अन पडद्यावर कावळे बसल्यासारख्या काळ्या ओळीच ओळी. हे सापडलं नाही, ते सापडलं नाही, थांबलो. अरे थांबलो काय? आमचं दुकान थांबलं ना बावा!

मंग डिंपलनं त्यायच्या यादीत नाव-गाव लिवलं. यादी म्हणजे काय, त आपण एक मेल टाकाचा, तो यादीतल्या साऱ्या लोकायले जाते. ज्याले येत असन तो उत्तर देते, अन तेही साऱ्यायले जाते. मले हे पटलं. आमच्या बचत गटातही तसंच हाये, बोलाचं त बैठकीत बोला, मांगून कानात नाही. ही यादी मराठी लोकायची, सांगलीचे, सोलापूरचे, इचलकरंजीचे, सारे सुई-धाग्यातले. डिंपलनं इचारलं, अन चहा उकळाच्या आत उत्तर आलं. एवढं लांब उत्तर! 'नमस्कार डिंपलताई, काळजी करू नका, जुन्या यंत्रावर हे असं होतं, आपण एकेक करून पाहू…' डिंपल वाचून राहिली, मी आयकून राहिली. म्हटलं कोण्या मायचा पोरगा हाये हा, किती सबुरीनं बोलते. अन खाली नाव वाचलं तिनं. अश्वजित आनंदराव गजभिये, पुणे.

माहाच होय तो. माह्या पोटचा.

पुण्यात कम्प्युटरच्याच कंपनीत हाये, पण तुमाले सांगतो, फोनवर ह्या पोराले चार शब्द येते. हो, नाही, बरं, ठेवतो. काही भांडण नाही आमचं, उगा काही मनात आणू नका. पैसे म्हणा, औषध म्हणा, सारं टायमावर. फक्त बोलत नाही, मी कोणाच्या दुकानात शिवतो हेही त्याले मालूम नाही. अन इथं डिंपलले लिवते, काळजी करू नका! मले डिंपलचा असा राग आला का म्या तिच्या चहात साखरच टाकली नाही.

ती म्हणे, मावशी, तुमचाच पोरगा हाये त लावा ना फोन. लावला. 'आई, मीटिंगमधी हावो. ठेवतो.' अन तेवढ्यातच कम्प्युटरवर त्याचं दुसरं उत्तर येऊन पडलं, इचलकरंजीच्या कोण्या बावाले, पानभर. त्या बावाचा दोरा तुटत होता म्हणे. इथं मायचा दोरा…जाऊ द्या.

तसा तो पह्यलेही माह्याशी कमीच बोले. बोलणं सारं बापाशी. ते जवाहरनगरच्या फॅक्टरीत होते, क्वार्टरात राहो आमी. ऐतवारी पोराचा फोन आला का हे खुर्ची घेऊन बसत अन मी सैपाकघरातून ओरडो, त्याले इचारा जेवला का! हे इचारत. तिकडून काय आलं ते मले सांगत. मी म्हणो, त्याले म्हणा केस काप! हे म्हणत. असं आमी माय-लेक दर ऐतवारी बोलो म्हणा ना, फक्त मधात एक माणूस होता. मंग तो माणूस गेला, क्वार्टर सोडलं, मी तुमसरले आली. पोरगा आला होता, बापाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी साऱ्यायले वाढलं त्यानं, रडला नाही. गेला. तवापासून फोन माह्या हातात हाये, अन त्यात काही नाही.

त डिंपलचे दिवस भरले अन ती बाळंतपणाले माहेरी बालाघाटले गेली. जाताना म्हणे, मावशी, आता तुमीच पाहा, मेल उघडाच हाये, माह्याच नावानं लिहा. बस! तवापासून मी डिंपल झाली. लिवतानी मी शाळेतली भाषा लिवतो, 'कृपया' अन 'आपला विश्वासू', म्हणजे कोणाले पत्ता लागाले नोको.

पह्यलाच मेल टाकला त मास्तर आंगावर आले. मोबाइलनं पडद्याचा फोटो काढून पाठवला होता म्या, अर्ध्या फोटोत माहा आंगठा. 'ताई, चित्र पाठवू नका, पडद्यावरचा मजकूर उतरवून पाठवा. आणि उत्तर खाली लिहा.' मजकूर उतरवून पाठवला, त म्हणे सगळाच कशाला पाठवला. छाटून पाठवला, त म्हणे जास्त छाटला. मी म्हटलं ह्या मास्तरच्या घरी बायको कशी जगत असन बापा!

अन माहा पोरगा? तो कधी चिडला नाही. 'डिंपलताई, तीन गोष्टी लिहा. तुम्ही काय केलंत, काय व्हायला हवं होतं, आणि झालं काय.' मी लिवत गेली. तो सांगे हा भाग बसवा, मी बसवो. तो सांगे आता पुन्हा चालवा, मी चालवो. पुन्हा कावळे. एक डाव म्या लिवलं का शेवटच्या ओळीत लिवून हाये काहीच जमलं नाही म्हणून. त म्हणते, 'शेवटची ओळ बघू नका. वर वर जात पहिली चूक शोधा. बाकीच्या सगळ्या तिच्यामुळंच आलेल्या असतात.' हे वाचलं अन मीही वर वर जाऊ लागली. पह्यली चूक कुठी असन, ते मी कम्प्युटरात नव्हती पाहून राहिली…समजलं ना तुमाले.

एक डाव बटन चुकलं अन मेल यादीले न जाता त्याले एकट्याले गेला. लगेच उत्तर. 'डिंपलताई, मला एकट्याला लिहू नका. यादीलाच लिहा, म्हणजे सगळ्यांना उपयोग होईल.' बरोबरच हाये त्याचं. नियमच तो हाये. पण तुमी आयका ना कानानं कसं लागते ते. माह्या पोरानं मले लिवलं, मले एकट्याले लिहू नका. म्या उत्तर देल्लं, 'ठीक आहे.' खाली लिवलं, वर नाही.

मंग काय झालं का भरडणं पुढं जाऊ लागलं, पण संध्याकाळी मधातच कम्प्युटर बंद पडे. म्या लिवलं. त्यानं लिवलं, 'तुमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतो का? माझी आई तुमसरलाच असते. ती सांगते, त्या वेळेला पंखा नुसता हलतो. तुम्ही सकाळी करून बघा.'

पंखा नुसता हलते, हे म्या त्याले कवा सांगतलं होतं? सांगतलं असन, उन्हाळ्यात, बोलाले काही नव्हतं म्हणून. त्यानं 'बरं' म्हणून फोन ठेवून देल्ला होता. मले वाटलं आयकलंच नाही. त त्यानं ते ठेवलं होतं जी. पुण्यात बसून ह्या पोट्ट्यानं माहा पंखा ध्यानात ठेवला.

मले राहवलं नाही. म्या लिवलं, 'आपल्या आई काय करतात?'

अन मास्तर! टपूनच बसले होते. 'ताई, ही यादी कशिदाच्या अडचणींसाठी आहे. खासगी विचारपूस इथं नको. शिवाय तुम्ही पुन्हा वर लिहिलंत. उत्तर खाली लिहा.' म्या म्हटलं लिव बावा, तुह्या तोंडात…बोलत नाही मी, समोर पोरीबाळी बसल्या हायेत.

त्या दिवशी पोराचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी दुकानात झाडून काढत होती, झाडू हातात, तवा आलं. म्या तसंच उभ्यानं वाचलं.

'विषय सोडून आहे, म्हणून एवढंच लिहितो. आई शिवणकाम करते. तिच्याशी कसं बोलायचं ते मला कळत नाही. पूर्वी फोन लावला की ती म्हणायची, थांब, बाबांना देते. आता ती फोन उचलते, आणि आम्ही दोघंही थांबतो.'

सांगलीले गेलं हे. सोलापूरले गेलं, इचलकरंजीले गेलं. साऱ्या महाराष्ट्राले सांगतलं माह्या पोरानं, अन मले सांगतलं ते डिंपल म्हणून.

अन उत्तर कोणाचं आलं पह्यलं? मास्तरचं. एकच ओळ. 'अश्वजित, आज आईला फोन कर.' अन काय सांगू तुमाले, मास्तरनं ती ओळ वर लिवली होती. साऱ्यायच्या वर. खाली सारं जसंच्या तसं, काहीच छाटलं नव्हतं. मी त्याले मनातल्या मनात जेवढ्या शिव्या देल्ल्या होत्या, तेवढ्या परत घेतल्या.

संध्याकाळी फोन वाजला. म्या उचलला. 'आई.' 'हां.' 'पंखा फिरते का?' म्या म्हटलं फिरते. मले वाटलं आता सांगून टाकतो, बापू, डिंपल म्हणजे मीच हावो, तुह्या साऱ्या लांब लांब चिठ्ठ्या माह्यापाशी हायेत. पण तोंडातून निंगालं काय, त 'थांब…' सवयच ना जी. थांब म्हटलं, अन फोन घेऊन उठली बी. अन खोलीत द्याले कोणी नव्हतं. त्यालेही समजलं असन. थोडा वेळ थांबला, मंग म्हणे, 'ठेवतो.'

तुमी म्हणान सांगून काहून नाही टाकत? डिंपलही तिकडून हेच म्हणते, लेकरू मांडीवर घेऊन, मौसी बता दो ना. अवो, बता देईन! पण उद्या त्याले समजलं का ही डिंपल त माय होये, त तो मले काय लिवन? हो, नाही, बरं, ठेवतो. हाये तेवढंही जाईन माहं.

अन मंग एका सकाळी, व्होल्टेज चांगला असतानी, ते धान पुरं भरडलं गेलं. एकही कावळा नाही. प्रोग्राम उघडला, चाचणीसाठी त्यातच एक मोर असते, तो मशीनले देल्ला. अन सुई अशी पळाली, अशी पळाली…मोर उतरला. चोच, तुरा, मान, दोन्ही पाय, पिसारा, सारं धड. बाजूचा राइस मिलवाला येऊन पाहून गेला, म्हणे वच्छलाबाई, उडन आता हा.

मी काही खूश झाली नाही.

तेवढ्यात पोराचा मेल. 'डिंपलताई, झालं का? झालं असेल तर विषयाच्या आधी "सुटले" असं लिहा. म्हणजे हे प्रकरण बंद करता येईल.' पद्धत हाये ती यादीवरची, सारेच लिवते, सुटले. इचलकरंजीच्या बावानं कवाच लिवलं.

म्या मोराकडं पाह्यलं. त्याच्या मेलाच्या खाली गेली, नको ते छाटलं, अन लिवलं, 'नाही सुटले. मोराचा डावा पाय उतरत नाही.'

चहा उकळाच्या आत उत्तर. 'हरकत नाही. नेमकं काय होतं ते सविस्तर लिहा. घाई नाही.'

सविस्तर लिहा म्हणते. घाई नाही म्हणते. आता मी डावा पाय पुरवून पुरवून सांगून राहिली. तो सुटला का उजवा काढीन. मोराले पाय दोनच असते, हे मले मालूम हाये जी, एवढी काही येडी नाही मी. पण पिसारा हाये ना…पिसाऱ्याले पिसं भल्ले असते.