सासूबाईचा सर्दीवरचा इलाज

तुमाले खोटं वाटन, पण हे माह्या डोळ्यादेखत झालं. आमच्या सात महिन्यांच्या पोरीले सर्दी झालती. नाक गच्च, त्यानं दूध ओढता येईना, रडून रडून लाल झाली. मी मेडिकलमधून नाक साफ कराची रबरी पिचकारी घेऊन धावत घरी आलो, तं रोहण्याहून आलेल्या सासूबाईनं पोरीच्या नाकाले सरळ तोंड लावलं, सुर्रकन ओढलं अन् मोरीत थुंकलं!

"आई, हे काय करून राह्यल्या?"

"काय म्हंजे? तुमच्या बायकोचंबी लहानपणी असंच काढलं मी."

पोरगी गटागटा दूध प्याले लागली. तेवढ्यात मले शिंक आली.

सासूबाई पदरानं तोंड पुसत वळल्या. "तुमालेबी झाली काय, जावईबापू?"

मी झटकन पिचकारी वर धरली. "नाई आई, माह्यापाशी हे आहे न!"