तळाचा गाळ

(राधानगरीकडचं एक गाव. भर दुपारी विहिरीच्या पायऱ्यांवर नवरा-बायको, दोघंही नखशिखांत भिजलेली.)

स्वप्नाली : खोका, आजून खोका. पाणी भाईर पडू दे सगळं.

सम्राट : काठावर कोण हाय का बघ आदी.

स्वप्नाली : मरता मरता वाचलासा, आन् काठावर कोण हाय इचारतायसा!

सम्राट : तेवढं सांग की.

स्वप्नाली : कुत्रं बी न्हाय.

सम्राट : मी येतच हुतो वर.

स्वप्नाली : येत हुतासा? हातभर पाणी उरलं, आन् पाय लोंबकळलं तुमचं. मी वरनं हाका मारतीया, आन् तुम्ही उलटं खाली निघालासा, डोळं उघडं ठेवून!

सम्राट : दम जरा कमी पडला.

स्वप्नाली : दम न्हाय, अक्कल कमी पडली. बुडी मारायच्या आदी भात्यागत फुसफुस श्वास घेत बसलासा. मालवणात अभिराम सरांनी बोटीवर सगळ्यांस्नी बजावलं हुतं, आसं करू नका. हवा संपल्याली कळतच न्हाय, माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतंय.

सम्राट : आलं त्याचं नाव! म्हटलं आजून कसं आलं न्हाय.

स्वप्नाली : शिकवणारं माणूस हाय त्ये. नाव घेऊ नको?

सम्राट : घे की. रोजच घेतीयास. तो चष्मा आन् नळी लावून मी खारं पाणी प्यालो, आन् तू जाकीट काढून माशागत खाली गेलीस. आख्खी बोट टाळ्या वाजवाय लागली. तुला म्हणतोय, “ताई, असा दम मी बघितला नाही.” आन् मला? “दादा, तुम्ही वर थांबा, फोटो काढा.” आगं, ह्या गावात कुणाची कळशी पडली तर मला हाक मारत्यात. मोटारीचा पाईप अडकला, तर मला. आन् मी फोटो काढू?

स्वप्नाली : म्हणून आज मला काठावर उभी केलीसा व्हय?

सम्राट : व्हय. सोमवारी तू मालवणला जाणार. तितं शिकणार, मग बायकांस्नी घेऊन समुद्रात उतरणार. जायच्या आदी एकदा बघावंस म्हटलं, मी बी कोण तरी हाय. जळतंय माझं, स्वप्ने. शिरोलीच्या कारखान्यात भट्टीम्होरं उभा ऱ्हातो, तवा बी एवढं जळत न्हाय.

स्वप्नाली : मग तोंडानं सांगायचं. जीव कशाला द्यायचा?

सम्राट : पण तळ गाठलता म्या. मुठीत गाळ हुता. गाळ दाखवल्याबिगार गावात तळ मानत न्हाईत, तुला ठावं हाय.

स्वप्नाली : मी मानला. चला, दवाखान्यात जाऊ.

सम्राट : थांब. नखं दाव तुझी.

स्वप्नाली : काय न्हाय त्यात.

सम्राट : काळा गाळ हाय. पार तळापतुर गेलतीस?

स्वप्नाली : तुम्ही तळाला पडलासा, तर मी काय मधीच थांबू?

सम्राट : म्हंजी तळ बी तूच काढलास.

स्वप्नाली : मी तुमाला काढलं. गप ऱ्हावा, आक्का आल्यात.

सम्राट : थोरली भन माझी. आता भावकीभर सांगत फिरंल.

आक्का : आगं बया! दोघं बी चिंब? काय झालं गं?

स्वप्नाली : माझा पाय घसरला, आक्का. पाण्यात पडले. ह्यांनी उडी टाकून काढलं.

आक्का : माझा भाऊ हुता म्हणून वाचलीस! हितं पायरीवर पाय ठरंना, आन् समुद्रात उतराय निघालीयास? ते मालवणबिलवण काय न्हाय आता. घरला गेल्या गेल्या आबास्नी सांगते.

सम्राट : आक्का...

आक्का : तू गप. तुला बोलाय जमत न्हाय, म्हणून मी बोलते. तुझ्या बी मनात हेच हाय, मला काय कळत न्हाय व्हय?

स्वप्नाली : ऱ्हाऊ द्या त्ये. आदी ह्यांस्नी दवाखान्यात न्यायचंय. खोकला थांबंना.

आक्का : पडलीस तू, आन् खोकतोय ह्यो?

सम्राट : तिचा पाय घसरला न्हाय, आक्का. मी बुडालतो. हिनं काढलं मला.

आक्का : तू? तू बुडालतास?

सम्राट : व्हय, मीच. आन् सोमवारी ती जाणार. जीव जळतोय माझा, जळू दे. ती जाणार.

स्वप्नाली : उठा आता. पायरी शेवाळलीया, खांद्यावर हात टाका माझ्या.

सम्राट : सावकाश चल. तुझ्याएवढा दम न्हाय मला.