खिडकीखालचा शेपू

(एस्टोनियातलं सारेमा बेट. सप्टेंबरची सकाळ. विहिरीजवळ म्हातारा एंडेल गुडघे टेकून बसलाय; शेजारीण माइमू शेजारी उभी.)

माइमू : ओढू नकोस रे. पिओनीच्या फुलझाडाचा कंद गाजरासारखा कटकन तुटतो. खालून फावडं घाल.

एंडेल : घातलंय. तू उभ्या उभ्या हुकूम सोड.

माइमू : बायकोचं तरी कुठं ऐकलंस.

एंडेल : सहा वर्षं सांगत होती हेल्वे. पिओनीवर झाडांची सावली आलीय, उन्हात हलव. मी म्हणायचो, येत्या सप्टेंबरात.

माइमू : आणि सप्टेंबरात?

एंडेल : कधी बटाटे काढायचे, कधी जाळी दुरुस्त करायची, एकदा छप्पर. मागच्या वर्षी काहीच नव्हतं. नुसता कंटाळा केला.

माइमू : हं.

एंडेल : जूनमध्ये तिच्या शवपेटीवर ठेवायला घरचं एक फूल नव्हतं, माइमू. ऐन पिओनीच्या दिवसांत. शहरातून विकत आणली.

माइमू : सुटला बघ कंद. धर त्या बाजूनं. कुठं लावायचा?

एंडेल : स्वयंपाकघराच्या खिडकीखाली म्हणायची. तिथं मातीखाली नुसते दगड. खड्ड्यालाच दिवस जाईल.

माइमू : खण तर आधी.

एंडेल : ...अगं, माती लोण्यासारखी लागतेय. शेणखत पण आहे. इथं कोणी खणलं?

माइमू : कोण खणणार? दर ऑगस्टात दगड काढून, खत घालून तयार ठेवायची. कंद उचलणं तेवढं तिच्या कमरेला झेपत नव्हतं.

एंडेल : इथं तर शेपू असायचा.

माइमू : तू हलवला नाहीस, की वसंतात शेपू पेरायची. जागा ओकी दिसू नये म्हणून.

एंडेल : तोच बटाट्यांवर घालून खायचो मी. वर म्हणायचो, यंदा शेपू झकास आलाय.

माइमू : सांगायची मला.

एंडेल : मग तूच का नाही हलवलास?

माइमू : म्हटलं होतं दोनदा. म्हणाली, नको, एंडेलनं कबूल केलंय.

एंडेल : ...किती खोल लावू?

माइमू : कंदाच्या डोळ्यांवर दोन बोटं माती. जास्त नको. आता दोन-तीन वर्षं रुसेल हा, फुलायचा नाही.

एंडेल : मला अठ्ठ्याहत्तर झाली.

माइमू : ती सहा वर्षं थांबली.

एंडेल : तोवर कडेनं शेपू पेरतो. बी कुठं ठेवायची ती, ठाऊक आहे तुला?