कोपराची चिठ्ठी

— नाही गं, उठू नकोस, बस. तू फोनवर आईशी मराठीत बोललीस आणि माझा जीव भांड्यात पडला. तासभर झाला या खुर्चीत बसलेय — काउंटरवरची बाई काहीतरी विचारते आणि मी मान डोलावते. आतापर्यंत कशाकशाला हो म्हटलंय देव जाणे. इंग्रजी? तिला माझ्याइतकंच येतं, म्हणजे 'थँक्यू'पर्यंत. आतल्या डॉक्टरीणबाईंचंही तेच, दोन शब्द इंग्रजी की घसरल्या इथल्या भाषेत. म्हणून म्हटलं, माझ्याबरोबर पाच मिनिटं आत ये. फार नाही, एकच प्रश्न विचारायचाय.

घरचं कोणी का नाही? आले होते की, गेल्या खेपेला जावई आले होते. सुट्टी काढून. भला माणूस, त्यांचा काही दोष नाही. बाईंनी विचारलं, कुठे त्रास होतो? जावई माझ्याकडे वळून म्हणतात, "आई, कुठे?" आता काय सांगू? कमरेला आहे गं. जावयासमोर मी अजून पाय पसरून बसत नाही, तिथे कंबर उघडी टाकू? मग मी काय केलं — हसू नकोस हं — कोपर पुढे केलं. हो, कोपर. चांगलं धडधाकट कोपर. त्या बिचाऱ्या भिंग लावून किती वेळ बघत बसल्या. मलम दिलं. ते मी इमानाने लावलं, रोज दोनदा. बघ, हात लावून बघ, नव्या नवरीला नसेल असं कोपर झालंय. आणि गाडीत जावई म्हणाले, काळजी करू नका, दुसऱ्याला होण्यासारखं नाही म्हणाल्या. नाहीच ते! पण ते कोपराचं झालं. कमरेचं कोणी सांगितलं?

दुसऱ्याला म्हणजे — मुलगी बाळंत झालीय माझी. त्यासाठीच आलेय मी एवढ्या लांब, पोरीला न्हाऊमाखू घालायला. आणि आठवड्यात कमरेला हे उठलं. काळं, खरखरीत, खाज तर अशी की दाराच्या चौकटीला पाठ घासते मी, म्हशीसारखी. नातीची कोवळी कातडी, तिला लागलं तर? म्हणून महिना झाला, मी तिला घेतलेलं नाही. कंबर धरलीय म्हणते. दारात उभी राहून नुसत्या सूचना — पाणी कोमट आहे का, मान सांभाळ, कानात जाईल. माझाच मला राग येतो.

काल मुलगी दूध पाजता पाजता म्हणाली, "आई, मुलगी झाली म्हणून का गं?"

एवढंच म्हणाली. मी काय केलं असेल? सांगायचं ना सरळ? मी म्हटलं, कुकर बघते. आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅसवर नसलेल्या कुकरकडे बघत उभी राहिले. ती माझ्याबद्दल असं धरून बसलीय आणि मी लाजतेय, तेही एवढ्याशा जागेसाठी. आज सकाळी कोपर दाखवायला म्हणून निघाले. जावयांनी ही चिठ्ठीसुद्धा लिहून दिली इथल्या भाषेत, सगळी कोपराची.

काय म्हणालीस? नेमकं कुठे? अगं, नाडी बांधतो ना, तिथेच. कमरेभोवती, पट्टा ओढल्यासारखं. परक्या देशात चारचौघांत परकर सुटला तर काय घ्या, म्हणून इथे आल्यापासून मी दुप्पट आवळून — 

तुझ्या आईला? तिथेच? नाडीनेच?

आणि तू लहान असताना घ्यायच्या तुला? कडेवर? रोज?

थांब गं जरा. पाणी आहे का तुझ्याकडे? नको, राहू दे. महिना झाला. माझ्याच हाताने आवळलेली नाडी, आणि मी त्या पोरीला लांबून बघत बसले.

बोलावतायत वाटतं. हो, मलाच. ही चिठ्ठी तू पर्समध्ये ठेव, डॉक्टरीणबाईंना दिसायला नको. चल, तू पुढे हो. तुझ्या आईचं आहे ते ठीक, पण मला डॉक्टरच्या तोंडून ऐकू दे. आत गेल्या गेल्या विचार, आज घरी जाऊन बाळाला घेतलं तर चालेल का. औषधाचं वगैरे मागाहून. कंबर गेली खड्ड्यात.