पेंगकाकांची तंगडी

—हात लावू नका! फ्रीजचं दार उघडायचं नाही म्हणून सांगितलं ना. आतली डुकराची तंगडी तुमचीच आहे, पेंगकाका, कबूल — तुम्हीच खांद्यावरून आणलीत, मीठ-तिरफळ चोळून दादाच्या हातात दिलीत, मी होतो की इथंच. पण परवा माझा भाऊ मातीत गेला आणि आज तुम्ही पिशवी घेऊन दारात? काय म्हणालात? नवं वर्ष तोंडावर आलंय? येणारच. तुमच्या ताटात डुक्कर नसलं तर ते वेशीवरूनच परत जाईल, नाही का?

हा फ्रीज बघा, हा. वरच्या मजल्यावरच्या बाईनं टाकून दिलेला. दादानं पाठीला बांधून एकट्यानं जिना उतरवला — म्हणाला, यात मांसाला धुरी देणार. पहिल्या खेपेला शहाण्यानं आतलं प्लास्टिकचं अस्तर तसंच ठेवून खाली शेगडी पेटवली. सगळं वितळून मांसावर! जळक्या चपलेचा वास. कुत्र्याला घातलं तर त्यानं हुंगून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच केलंय. मग दादानं अस्तर उचकटलं, आतला फोम खरवडला, नुसता पत्रा ठेवला, वर धुराला भोक पाडलं. मी म्हटलं, बाजारात मिळतं की विकत. तर म्हणे, "बाजारातल्याला रंग फासतात, धाकल्या. तू गप आकडे वाकव." वाकवले. मांस टांगायचे आतले सगळे आकडे मी वाकवलेत.

बाहेर का नाही ठेवला म्हणता? तुम्हाला माहीत नाही? अंगणात धूर दिसला की गावसमितीची माणसं हजर — हवा बिघडते, मांस धुरवायला सरकारी भट्टीवर जा. तिथं सगळ्या गावाचं मांस एका धुरात. दादा जातोय होय! फ्रीज ओढून आणला इथं स्वयंपाकघरात, खिडकी लावली, दार ओढून घेतलं, फटींत चिंध्या कोंबल्या, धूर कुणाला दिसायला नको म्हणून. सुरूच्या ओल्या फांद्या, संत्र्याच्या साली, आग अगदी धुमसती. आणि या बाकावर आडवा झाला. भर दुपारी. मी आलो तर चेहरा लालबुंद. मला वाटलं, ढोसलीय. मी लाथ मारली हो त्याला — ऊठ म्हटलं, आग विझली तुझी —

बसा. नाही तर नका बसू.

आमची मामी शवपेटीवर डोकं आपटून रडत होती. रडता रडता उठली, फ्रीजचं दार उघडलं, आत नाक खुपसलं आणि म्हणाली, "अगं बाई, रंग काय सुरेख चढलाय!" रंग! तो रंग मी आधी कुठं पाहिला होता, ते तिला काय सांगू? मोरीत जाऊन ओकलो. आणि ती बाहीला डोळे पुसत मांसाच्या दोन पट्ट्या कागदात गुंडाळून घेऊन गेली. दुखवट्याच्या जेवणालाही तेच शिजलं. बोटं चाटली लोकांनी. दात कोरत कोरत म्हणतात, पोरगा गुणी होता. किळस येते मला, काका, माणसाच्या तोंडाचीच किळस येते. ज्या धुरानं तो गेला तोच धूर चघळतात, आणि वर भात मागतात —

असं काय बघताय? वास येतोय? माझ्या तोंडाला?

हो. खाल्लंय. तुमच्याच तंगडीचं. आज सकाळी, भातावर ठेवून वाफवलं. म्हटलं, एक घास घ्यायचा आणि थुंकायचा, सगळ्यांच्या नावानं थुंकायचा. नाही थुंकता आला. गिळला. परत सुरी घेतली. काका, जमलं होतं हो त्याला! चरबी काचेसारखी, खारटपणा बेताचा, आणि मागून सुरूचा वास — आणि "दादा, जमलं" म्हणायला मी मान वळवली या बाकाकडे. तोंडात घास तसाच. तरी चावत होतो. शी! थू या जिभेवर.

सरका. मीच काढतो. ही घ्या. कापलेलं दिसतंय ते दिसू दे, घरी सांगा उंदरानं खाल्लं. घ्या ना, आता का हात आखडता? शिजवा, पोराबाळांना घाला. आणि चांगली लागली तर मला येऊन सांगू नका. समजलं? कध्धी सांगू नका. जा. दार ओढून घ्या — नको. उघडंच राहू दे. जा.