डाव्या कानामागची बट

—नाही नाही, मान खाली. अजून खाली. हां, अशीच ठेव, आणि हसू नकोस, हसलीस की खांदे हलतात आणि मग माझ्या कात्रीची रेघ स्टेशनापर्यंत जाते. खोटं वाटतंय ना तुला? अगं, या टॉडमॉर्डन गावात कुणालाही विचार. विनी क्लेगचा अंबाडा मी इतका उंच बांधला होता, इतका उंच, की बसचा कंडक्टर म्हणाला, बाई, तुम्ही खाली बसा, पण केसांना वरच्या मजल्यावर जावं लागेल. आणि गेले! हॅलिफॅक्सपर्यंत विनी खाली आणि केस वर. आणि लग्नातली ती नवरी, पाद्रीबाबांनी विचारायला तोंड उघडलं आणि हिच्या केसांतून कबूतर उडालं — बरं, ते कबूतर नव्हतं, चिमणी होती. चिमणी तरी होतीच. स्प्रे इतका कडक मारला होता की बिचारीला दोन दिवस दारच सापडलं नव्हतं.

पाणी गार लागतंय का? लागू दे, गरम पाण्याची टाकी माझ्यासारखीच आहे, दुपारनंतर तापते. तुझी बस चुकली म्हणालीस ना? चुकणारच, ही बस माणसाला बघून वेग वाढवते. बरं झालं आत आलीस. नुसतं कडेनं बारीक करायचं, एवढंच ना? पण केस चांगले राखलेस हं. कुणी कापले होते याआधी? ...आठवत नाही? केस कुणी कापले हे बाईला आठवत नाही असं मी पहिल्यांदाच ऐकलं. नवऱ्याचा वाढदिवस विसरतात बायका, हे नाही विसरत. असो. नको सांगूस. मीच सांगेन तुला थोड्या वेळानं. थट्टा नाही करत, मला कळतं. प्रत्येकीचा हात वेगळा असतो, सहीसारखा. हॅरोगेटचा तो रॉड्रिक आहे ना, पाटीवर स्वतःचं नाव सोनेरी अक्षरांत लिहून वर दिवे लावणारा, त्याची कात्री मी डोळे मिटून ओळखते. कापत नाही, कुरतडतो.

ती दुसरी खुर्ची? तिच्यावर पिशवी नको ठेवूस. मांडीवर घे. नाही, कुणी येणार नाहीये. तरी पण नको ठेवूस.

ती ग्लेनिसची. माझी धाकटी बहीण. होती. म्हणजे आहे, मेलेली नाहीये, हॅरोगेटला असते, रॉड्रिककडे — पण माझ्यापुरती होती. आम्ही दोघी हे दुकान चालवायचो. पाटीवर माझंच नाव, थेल्मा, कारण दुकान मी उघडलं आणि दोन नावं लिहायला पाटी पुरत नव्हती. शिकवलं मी तिला. कंगवा धरायला मी शिकवलं. आणि शिस्त! आमच्या दुकानाचा नियम होता, ग्लेनिसनं कुठलंही डोकं पुरं करायचं नाही. सगळं करायचं, धुणं, कापणं, रोलर, सगळं, पण डाव्या कानामागची एक बट तशीच ठेवायची. मग तिनं कात्री मूठ माझ्याकडे करून ठेवायची, मी यायचं, बघायचं, आणि ती बट कापायची. कापली म्हणजे काम पास. इतकी वर्षं, पोरी, एकही डोकं तिनं एकटीनं संपवलं नाही! आजकालच्या पोरींना सांग असं करायला. हा — काय? चेहरा का असा केलास? आरशात दिसतं मला सगळं, माझं अर्धं आयुष्य माणसांकडे आरशातून बघण्यात गेलंय.

फक्त आईचं डोकं वेगळं. आईच्या डोक्याला तो नियम नव्हता. मधे भांग पाडायचा आणि वाटणी: डावी बाजू माझी, उजवी तिची. दर शुक्रवारी, दुकान बंद झालं की. आई मधे बसून चहात बिस्कीट बुडवायची आणि म्हणायची, तुम्ही भांडू नका गं, माझं डोकं वाकडं होतं. एडना आमची आई. केस बघायला हवेत तू तिचे, पांढरे, पण कसे, ताज्या दुधावर फेस यावा तसे. त्या केसांवरच आम्ही मोरकमची स्पर्धा जिंकणार होतो. उत्तर इंग्लंडमधल्या सगळ्या पार्लरांची स्पर्धा, समुद्रकाठच्या त्या मोठ्या नाचाच्या हॉलमध्ये. साठीपुढच्या बायकांची वेगळी फेरी असते. लाटा घालायच्या होत्या आम्हाला आईच्या केसांत, दोन्हीकडून येऊन मागे मानेवर एकमेकींना मिळणाऱ्या. अख्खा हिवाळा स्वयंपाकघरात सराव केला, आईला तर केसांत पिना ठेवून झोपायची सवय लागली.

आणि स्पर्धेच्या सकाळी मी मोरकमच्या लॉजच्या खोलीत जागी होते, तर शेजारचे दोन्ही पलंग रिकामे. म्हटलं, नाश्त्याला गेल्या असतील. नाश्त्याला नाहीत. समुद्रावर नाहीत. मी छत्री घेऊन अख्खा किनारा हुडकला, त्या वाऱ्यात, छत्री उलटी होऊन डोक्यावर गेली तरी हाका मारत होते. शेवटी हॉलमध्ये पोचले, तर माइकवरचा माणूस ओरडतोय, “हॅरोगेटच्या रॉड्रिकतर्फे — मिस ग्लेनिस मे सटक्लिफ!” अख्खं नाव. मी तिचं अख्खं नाव दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि ते असं. स्टेजवर ही, रॉड्रिकचा जांभळा एप्रन घालून. आणि खुर्चीत कोण? आई! माझी आई, पोरी. चेहऱ्यावर पावडर, गुडघ्यांवर पर्स, आणि मला बघून हात हलवला तिनं. हात हलवला! जशी काही मी टाळ्या वाजवायला आलेय.

भांडले मी, अगदी तिथल्या तिथं, स्टेजखालून. म्हटलं, आई, ऊठ. तर म्हणते कशी, “थेल्मा, तिनं मला विचारलं गं. तू कधी विचारतेस? तू नुसती खुर्ची दाखवतेस.” आता हे काय उत्तर झालं? आईला काय विचारायचं, आई आहे ती!

माघार घेईन तर मी थेल्मा कसली. लॉजची मालकीण आणून बसवली माझ्या खुर्चीत, केस असे की नारळाचा काथ्या बरा. दोन पिना मोडल्या, एक कंगवा मोडला, आणि माझी नजर सारखी पलीकडे. बहीण गेली ते एक वेळ मी गिळलं असतं. रॉड्रिकनं बोलावलं, हिला दिवे आवडले, गेली. पण तिनं दोन्ही बाजू केल्या, कळतंय का तुला? भांगाच्या अलीकडची, पलीकडची, दोन्ही. माझी बाजू. माझ्या लाटा, मी स्वयंपाकघरात शोधलेल्या, माझ्या आईच्या डोक्यावर, दुसऱ्याचा एप्रन घालून. रडू नाही आलं मला. स्प्रे गेला होता डोळ्यांत.

आणि वर मिरवली किती! वेळ संपल्याची घंटा व्हायला अवकाश होता, तर ही हात मागे घेऊन उभी. कात्री टेबलावर ठेवली आणि स्टेजच्या या टोकाकडे, थेट माझ्याकडे बघत राहिली. म्हटलं, बघ बघ, माझं झालं आणि तुझं नाही झालं, हेच ना? मी पाठ फिरवली. आणि मग काय झालं माहीत आहे? परीक्षकांनी गुण कापले तिचे. मागून बट राहिलेली! इतकी तयारी, आणि एक बट कापायची विसरली बाई. हल गावच्या कुठल्याशा पोरीनं कप नेला. अख्ख्या हॉलमध्ये सगळ्यांत मोठ्यानं हसले ती मी. ऐकलं असेल तिनं. ऐकावं म्हणूनच हसले.

तेव्हापासून आई तिच्याकडे. फोन येतो नाताळला, मी उचलते आणि चुकीचा नंबर म्हणते. शुक्रवारी दुकान बंद झालं की मी खुर्च्या पुसते. दोन्ही. धूळ कुणाच्या नावाची असत नाही.

चल, उजवी झाली, मागची झाली. आता डोकं इकडे वळव. डावी बाजू मी नेहमी शेवटी घेते, जुनी सवय. केस असे कानामागे —

...

हलू नकोस.

कुणी कापलेत हे केस?

नाही, आता बोलू नकोस. आधी विचारत होते तेव्हा बोलायचं होतंस. बस चुकली म्हणे. हॅरोगेटहून आलीस तू, आणि तिकडची बस इथून जातच नाही. बाकी सगळं एका मापाचं, रेघ कशी, मी शिकवलेली, आणि ही एक बट दोन बोटं लांब. विसरलेली नाही. विसरलेल्या बटेला टोक असं सरळ नसतं. ही मोजून ठेवलेली आहे.

...कात्री तिनं कशी ठेवली होती त्या दिवशी? मूठ कुठे होती? माझ्याकडे होती का? मला — मला पाठ दिसत होती मालकिणीची, मला काय दिसणार.

असेल. सवय असेल. हाताला लागलेली सवय जात नाही लवकर. नाहीतर टोमणा असेल, बघ थेल्मा, तुझी बट. तू काय मान हलवतेस? तुला काय माहीत? नुसतं डोकं घेऊन आलीस इथं, पार्सलसारखी, आणि मी तासभर तुला कबुतरं सांगतेय!

नाही. मी कापणार नाही ही. कात्री ठेवली मी खाली, बघ. लाटा चोरायच्या, आई चोरायची, आणि वर परक्या बाईच्या कानामागे चिठ्ठी खोचून पाठवायची, ये आणि पास कर म्हणून? माझ्या दुकानात बट पास करून घ्यायची असेल तर स्वतः त्या खुर्चीमागे उभं राहायचं. ही अशीच घेऊन जा परत. आणि तिला म्हणावं — काही म्हणू नकोस. एवढंच म्हण की आईची डावी बाजू माझी आहे. शुक्रवारी. बिस्किटं आहेत घरात.

आता ऊठ. पर्स नको उघडूस, अर्ध्या कामाचं मी काही घेत नाही. ऊठ म्हटलं ना, खुर्ची मोकळी कर. आणि दार नीट ओढून घे जाताना, वारा येतो.